ज्वारीचा जमाखर्च

(माधव नगर येथे मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सभेत ज्वारीवर भाषण ठेवले म्हणून काही जणांनी आमची थट्टा केली. नगर निगमचा घरपट्टीचा प्रश्न आहे, सिंहस्थ २०२८ च्या कामांचा प्रश्न आहे, मुलांना मराठी वाचता येत नाही हा तर कायमचाच प्रश्न आहे, आणि यांना भाकरी सुचते! सुचते खरी. आम्ही शिक्षणाने बी.कॉम. आणि व्यवसायाने बँकेतले कारकून. शेतीचे कर्ज, पीकविमा, समर्थन मूल्याचे जमा होणारे पैसे हे सगळे आमच्या काउंटरवरून जाते. माळव्यातली ज्वारी कशी गेली हे इतरांना शेतात दिसले असेल, आम्हाला ते खात्यांत दिसते. म्हणून आज जमाखर्चाच्याच भाषेत बोलणार आहोत, कंटाळा आला तर जरूर सांगावे.

राणोजी शिंद्यांच्या काळात, म्हणजे १७३० नंतरच्या दशकांत आपली घराणी इकडे आली. कोणी फौजेबरोबर, कोणी दफ्तरात, कोणी पूजेअर्चेसाठी. येताना बरोबर भाकरी आणली असे कोणी म्हणत असेल तर ते अर्धेच खरे आहे, कारण भाकरी इथे होतीच. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात जुवार, तूर, कापूस आणि हिवाळ्यात गहू, हरभरा. नुसता गहू खाणारा शेतकरी मोठा समजला जाई. बाकी घरांत ज्वारी नाहीतर मका. आपल्या घरांतही नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या होत्या आणि होळीला इथल्या शेजाऱ्यांकडून ज्वारीची धानी येई. नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच उघडते, आणि बऱ्याच घरांत ज्वारीचा डबादेखील आता त्याच दिवशी उघडतो. एरवी पोळी, आणि रविवारी दाल-बाफले. आमचा बाफल्यांशी काही वाद नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

मग ज्वारी गेली कुठे? साऱ्या देशात १९७० च्या सुमारास ज्वारीखाली सुमारे एक कोटी सत्तर लाख हेक्टर जमीन होती. आज ती चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास आहे. असे म्हणतात की लोक सुधारले, त्यांना पोळी आवडू लागली. आवड बदलली हे नाकारून चालणार नाही, पण आवडीच्या मागे पुष्कळ कागद असतात. १९६५ नंतर सरकारने गहू आणि तांदूळ खरेदी करायची मोठी यंत्रणा उभी केली, रेशनमध्ये तेच दिले. ज्वारीवर संशोधन झाले नाही असेही नाही. सी.एस.एच.-१ हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ सालचा आहे. इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून जवाहर ज्वार ७४१, ९३८, १०४१ असे वाण निघाले. बियाणे होते, विकत घेणारा नव्हता.

माळव्यात दुसरे एक झाले. सोयाबीन आले. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने त्यावर काम सुरू झाले होते, आणि १९७० नंतर ते आपल्याकडे पसरले. पूर्वी पुष्कळ शेते पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि फक्त रब्बी घेत. त्या पडीक शेतांत सोयाबीन बसले आणि मग ज्वारीच्या शेतांतही शिरले. १९८७ मध्ये त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरलाच निघाले. सोयाबीनला नावे ठेवणे सोपे आहे, आम्ही ठेवणार नाही. माळव्यातल्या किती तरी घरांची पक्की घरे, मुलींची लग्ने, ट्रॅक्टर त्यावर झाले. ते साधारण शंभर दिवसांत निघते, हवेतला नत्र जमिनीला देते आणि गव्हासाठी शेत वेळेवर मोकळे करते. ज्वारी दहा-पंधरा दिवस जास्त घेते, जमीन कोरडी करून जाते, आणि तिची मुळे व धसकटे कुजेपर्यंत पुढच्या पिकाला नत्र कमी पडतो. हे ज्वारीच्या नावे खर्चाच्या बाजूला लिहायलाच हवे.

पण जमेची बाजू? ऑगस्ट २०२३ आठवा. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलावर-शेंगेवर असताना पाऊस गेला. उज्जैनला वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे आपण काही दुष्काळी मुलखात राहत नाही. अडचण बेरजेची नाही, पावसाच्या मधल्या खंडाची आहे. ज्वारी अशा वेळी पाने गुंडाळून घेते, पानांवर मेणासारखा थर असतो, मुळे खोल जातात, आणि वाढ थांबवून ती अक्षरशः वाट बघत उभी राहते. पाऊस आला की पुन्हा वाढायला लागते. चार-साडेचारशे मिलिमीटर नीट मिळाले तरी तिचे भागते. ती मूळची आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाकडची. तिथल्या उन्हाने तिला हे शिकवले. सोलापूरकडे तर ती पावसाळा संपल्यावर पेरतात आणि नुसत्या जमिनीतल्या ओलीवर काढतात. तिथल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, १९३० च्या दशकापासून आजपर्यंत टिकून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडचे पीक मात्र खरिपाचे, ते मालदांडीचे नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. इकडे मालदांडी मागवून पेरणारे उत्साही लोक आम्ही पाहिले आहेत.

पाण्याचा विषय आपल्याला नवा नाही. देवासला १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. क्षिप्रेत पाणी असावे म्हणून २०१४ पासून नर्मदा पंपाने चढवून आणावी लागते. अशा मुलखात एका पिकाला पाण्यावाचून उभे राहता येते, तर त्याची किंमत कोणीतरी कुठेतरी धरायला हवी होती. ती कोणत्याच खात्यात धरलेली नाही.

आता आमच्या काउंटरकडे येऊ. शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर किती कर्ज द्यायचे ते दर हेक्टरी ठरलेल्या दराने मिळते आणि तो दर जिल्ह्यातली समिती पिकावार ठरवते. ज्वारीला खत-औषध कमी लागते म्हणून तिचा दर कमी. म्हणजे जे पीक काटकसरी, त्याच्या मालकाच्या हातात हंगामात पैसा कमी. पीकविम्यात, म्हणजे २०१६ च्या प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत, शेतकऱ्याने खरिपाला दोन टक्के हप्ता भरायचा, आणि विम्याची रक्कम त्याच दराला धरून ठरते. शिवाय ते पीक त्या भागात अधिसूचित असावे लागते, आणि अधिसूचित व्हायला त्याचे पुरेसे क्षेत्र असावे लागते. क्षेत्र कमी म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून पेरणी नाही, पेरणी नाही म्हणून क्षेत्र कमी. तराना, महिदपूर, बडनगरकडच्या शेतकऱ्यांचे कागद वर्षानुवर्षे आमच्या हातून गेले. पिकाच्या रकान्यात सोयाबीन सोडून दुसरे नाव लिहायची वेळ क्वचितच येते. यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टावा नाही. ज्या पिकाला रकाना आहे ते वाढत जाते, एवढेच.

भावाचे बघा. २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलला ५,३२८ रुपये समर्थन मूल्य जाहीर केले आणि संकरित ज्वारीला ३,६९९. समजा सोयाबीन हेक्टरी दहा क्विंटल आले तर ५३,२८० रुपये. चांगल्या वाणाची ज्वारी वीस क्विंटल आली तर ७३,९८०, वर कडबा वेगळा. कागदावर ज्वारी जिंकली! पण चिमनगंज मंडीत जो उभा राहतो त्याला समर्थन मूल्य मिळतेच असे नाही. सोयाबीनचे भाव २०२४ मध्ये पडले तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले, सरकारला खरेदी सुरू करावी लागली, आणि २०२५ मध्ये भावांतर योजना आणावी लागली. गव्हाला २०२५ च्या हंगामात केंद्राच्या २,४२५ रुपयांवर राज्याने १७५ रुपये बोनस दिला. हे चांगलेच झाले. पण ज्वारीसाठी कोणी रस्त्यावर येत नाही, कारण पिकवणारेच थोडे उरले. राज्यात भात, बाजरीबरोबर ज्वारीचीही समर्थन मूल्याने खरेदी होते हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, ठिकठिकाणी ‘श्रीअन्न’ असे फलक लागले. २०२४ मध्ये मध्यप्रदेश सरकारने राणी दुर्गावतींच्या नावाने प्रोत्साहन योजना आणली, ती कोदो-कुटकीसाठी. महाकौशलच्या आदिवासी शेतकऱ्यांना तिचा लाभ व्हावा, आमची तक्रार नाही. माळव्याच्या जुवारीचे नाव त्यात का नाही, एवढे विचारायला हरकत नसावी. डिसेंबर २०२३ मध्ये तर उज्जैन दक्षिणच्या आमदारांनाच मुख्यमंत्रिपद मिळाले. विचारायला भोपाळपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

एक विषय असा आहे की ज्यात ज्वारी ही आवड राहत नाही, औषधासारखी गरज होते. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही माणसांच्या आतड्याला ते चालत नाही. त्या आजाराला सिलिअॅक म्हणतात. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला तो असल्याचे अभ्यासांत आढळले आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसते. हॉलंडमध्ये डॉ. विलेम डिके यांच्या लक्षात गव्हाचा संबंध आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर पुन्हा खंगली, तेव्हा त्यांची खात्री पटली. आमच्या परिचयातल्या एका घरात सात वर्षांच्या मुलीची उंची-वजन वाढत नव्हते, रक्त सतत कमी, लोहाच्या गोळ्यांनी फरक नाही. दोन वर्षे जंतांची औषधे, टॉनिके आणि दृष्टही काढून झाली. शेवटी रक्ताची तपासणी होऊन गहू बंद झाला. आता आई तिच्यासाठी ज्वारीची भाकरी करते.

अशा घरांसाठी चार गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. तपासणी करण्याआधी गहू बंद करू नका, कारण गहू खात असतानाच रक्तात त्या आजाराची खूण सापडते. आधी बंद केला तर तपासणी फसते. शरबती चालेल का, मालवी कठिया चालेल का, असे विचारतात; कोणताही गहू चालत नाही, रवा, मैदा, दलिया, शेवया काही नाही. बांधणीच्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ असते, डबीवर वाचून घ्यावे. आणि सर्वांत मोठी फसगत चक्कीवर होते. ज्या चक्कीत दिवसभर गहू दळला त्यातून ज्वारी काढली की तीत गहू मिसळतोच. नुसती ‘आधी दोन मुठी टाकून काढा’ एवढ्याने त्या मुलीचे भागत नाही. तिच्या आईला महिनाभर भाकरी करूनही गुण दिसेना, त्याचे कारण हेच निघाले. शेवटी त्यांनी घरी लहान चक्की घेतली. सगळ्यांना ते परवडत नाही.

ज्यांना असा आजार नाही त्यांनी गहू सोडावा असे आम्ही म्हणत नाही. ज्वारीने साखरेचा आजार जातो, अमुक जातो, असे संदेश मोबाईलवर फिरतात त्यांवरही जाऊ नये. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम चोथा आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते; चोथ्यामुळे पोट भरल्यासारखे राहते, हे चांगलेच. पण नुसत्या ज्वारीवर जगणेही बरे नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की दख्खनमधल्या केवळ ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि पोटाचा रोग होत असे. भाकरीबरोबर डाळ, पिठले, भाजी, ताक ही आपली रीत होती ती चवीपुरती नव्हती.

भाकरीबद्दल नव्या सुनांची एक तक्रार असते की ती तुटते. तुटणारच, तीत ग्लुटेन नाही म्हणून तर ती त्या मुलीला चालते! गव्हाची कणीक ताणते, ज्वारीचे पीठ ताणत नाही. म्हणून आधणाचे पाणी घालून भिजवायचे, परातीत चांगले मळायचे, एका वेळी एकाच भाकरीपुरते, आणि थापताना हात हलका. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायची. आणि पीठ ताजे हवे. महिनाभराचे दळून ठेवले की विरी जाते, मग सासूबाईंच्या हातचीही थापता येत नाही. आठवड्याचेच दळावे. ज्यांना थापणे जमतच नाही त्यांनी धपाटे करावेत किंवा उकड करावी, कमीपणा काही नाही.

जुन्या मंडळींना ज्वारी म्हटले की १९७२ चा दुष्काळ आठवतो. महाराष्ट्रात तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिकडच्या नातेवाइकांकडे ती खाल्लेल्यांनी पुन्हा ज्वारीचे नाव काढले नाही. पण ती मिलो तिकडे जनावरांना घालण्यासाठी पिकवलेली होती, आपल्या घरच्या पांढऱ्या ज्वारीशी तिची तुलना करू नये. ज्वारी म्हणजे गरिबी ही समजूत मात्र त्या काळापासून घट्ट झाली. आज तीच ज्वारी फ्रीगंजच्या दुकानांत पाकिटात गव्हापेक्षा महाग विकली जाते, आणि मंडीत शेतकऱ्याला त्याचा वाटा मिळत नाही.

मग करायचे काय? आपल्यापैकी पुष्कळांची खेड्यात जमीन आहे, बटाईने दिलेली आहे. बटाईदाराला ‘यंदा एक बिघा जुवार लाव’ म्हणून सांगितले की तो हसतो, आणि त्याचे बरोबर आहे. चहूकडे सोयाबीन आणि मध्ये एक बिघा ज्वारी असली तर पंचक्रोशीतली सगळी पाखरे तिथेच उतरतात, रात्री रोजडे आणि डुकरे येतात, आणि कणीस भरायच्या आत नुसते ताट उरते. शिवाय उशिरा पाऊस झाला तर दाणे काळे पडतात आणि भाव निम्मा होतो. एकट्याने ज्वारी पेरणे हे पाखरांना जेवण घालणे आहे. दहा-बारा हेक्टर सलग असली की पाखरांचा वाटा विभागला जातो आणि राखणही परवडते.

दहा हेक्टर हा आकडा आम्ही हवेतून आणलेला नाही. पाच माणसांच्या घरात आठवड्यातून तीन दिवस एका वेळेला भाकरी केली, प्रत्येकी दोन, तर दिवसाला सुमारे सहाशे ग्रॅम पीठ लागते. महिन्याला आठ किलोच्या आत, वर्षाला साधारण एक क्विंटल. आपल्या मंडळाशी जोडलेल्या घरांपैकी दोनशे घरांनी एवढे ठरवले तर दोनशे क्विंटल, म्हणजे हेक्टरी वीस क्विंटल धरून बरोबर दहा हेक्टर. एका गावातले सात-आठ शेतकरी एकत्र आले की होते. भाव पेरणीच्या आधी ठरवायचा, समर्थन मूल्याच्या खाली जायचा नाही, आणि चौथाई रक्कम आगाऊ द्यायची. म्हणजे बँकेने ज्वारीला कमी दिलेले आपण भरून काढतो. जोखीम आहेच. दाणे काळे पडले तर ते कोणी घ्यायचे, हे करारातच लिहावे. आमचे मत असे की निम्मी झळ आपण सोसावी.

कडब्याची काळजी नको, गावात गुरे आहेत. फक्त एक सांगणे: पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले फुटवे गुरांना चारू नयेत, किराळ लागून जनावर दगावते. शहरातून जाऊन शेती शिकवणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावे.

दुसरी बाजू राजकारणाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे तीनही लिहिलेले होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. म्हणजे ज्वारी द्यायला कायदा आड येत नाही. कर्नाटकात उत्तरेच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी दिली जाते. उज्जैन जिल्ह्यात ज्यांना हवी त्यांना गव्हाच्या वाट्यातून थोडी ज्वारी मिळावी, अंगणवाडीत आठवड्यातून एक दिवस ज्वारीचे काही असावे, जिल्ह्याच्या समितीने ज्वारीचा कर्जदर पुन्हा बघावा आणि सलग पेरलेल्या गावांत तिला विम्यात घ्यावे, एवढे निवेदन आम्ही लिहून आणले आहे. कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला ते देता येईल. मते मागायला येणारे आपल्या समाजापुढे नेहमी शिंदेशाहीची आणि महाकाळाच्या जीर्णोद्धाराची थोरवी सांगतात, आपणही हार घालून चहा पाजतो. यंदा चहाबरोबर हा कागद पुढे करावा, आणि त्यावर काय उत्तर मिळाले ते पत्रिकेच्या पुढच्या अंकात नावानिशी छापावे, अशी संपादकांना विनंती.

चक्कीचे आम्ही बोलून ठेवले आहे. आपल्याच वस्तीतले एक चक्कीवाले दुसरी लहान चक्की फक्त ज्वारी-बाजरी-मक्यासाठी लावायला तयार आहेत, गहू तिच्याजवळही येणार नाही अशी. मात्र महिन्याला किमान चार क्विंटल दळण मिळाले पाहिजे असे ते म्हणतात. दोनशे घरांचा हिशेब धरला तर त्याच्या चौपट होते, पन्नास घरांतही भागते. सभेनंतर दाराशी वही ठेवली आहे. नाव, घरातली माणसे, आणि महिन्याला किती किलो, एवढेच लिहायचे आहे. घरात कोणाला गहू वर्ज्य असेल तर नावापुढे खूण करावी, त्यांचे दळण सकाळी पहिले घेतले जाईल. पेरणी जूनअखेर असते, म्हणून आगाऊ रकमा अक्षय्य तृतीयेपर्यंत कोषाध्यक्षांकडे जमा व्हाव्यात. पावती घेतल्याशिवाय कोणी पैसे देऊ नयेत.